सोडा घातला तरी सकाळी पाणी पुन्हा हिरवट : पीसीबी एचिंगनंतर उरलेल्या फेरिक क्लोराइडची विल्हेवाट

घरी पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा तांब्याचा थर दिलेला बोर्ड, तयार करणाऱ्या बहुतेकांना ही अडचण कधी ना कधी येते. एचिंगमध्ये, म्हणजे बोर्डावरचे नको असलेले तांबे विरघळवताना, ते तांबे खाऊन मंद झालेले फेरिक क्लोराइड मोरीत ओतू नये, आधी सोडा घालून त्याची आम्लता घालवावी, एवढे सर्वांनी ऐकलेले असते. म्हणून माणूस बादलीत द्रावण घेतो, फेस शांत होईपर्यंत सोडा टाकतो, पीएच कागदावर सात (ना आम्ल, ना अल्कली) हा आकडा पाहून निश्चिंत होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो गाळावरचे पाणी गढूळ हिरवट झालेले असते आणि कागद सहाच्याही खाली उतरलेला असतो. आणखी सोडा घातला की ते पाणी कधी स्वच्छ होते, तर कधी उलट छान निळे दिसू लागते. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून फेरिक क्लोराइडच्या खड्यांचे पहिले पाकीट आणल्यापासून पुढची कितीतरी वर्षे मीही हाच खेळ खेळत होतो आणि दर वेळी दोष सोड्याला देत होतो.

चूक सोड्याची नव्हती. आपण या द्रावणाकडे आम्ल म्हणून पाहतो आणि पीएच सात झाला की काम झाले असे समजतो. खरा प्रश्न त्यात विरघळलेल्या तांब्याचा आहे, आणि ते तांबे पाण्यातून गाळात उतरले की नाही, याचे उत्तर सात या आकड्यात मिळत नाही.

बाटलीत नेमके काय उरते, ते आधी पाहू. ताज्या द्रावणातले फेरिक क्लोराइड बोर्डावरचे तांबे विरघळवते तेव्हा फेरिकचे फेरस क्लोराइड (लोहाचेच दुसरे रूप) होते आणि तांब्याचे क्युप्रिक क्लोराइड होते. वापरलेल्या द्रावणात ही दोन्ही असतात, शिवाय थोडे न वापरले गेलेले फेरिक आणि थोडे हायड्रोक्लोरिक आम्लही असते. ‘फेरिक क्लोराइड तर पाणी शुद्ध करायला वापरतात, मग गटारात गेले तर काय बिघडले?’ असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. जलशुद्धीकरणात गढूळपणा खाली बसवण्यासाठी ते वापरतात हे खरेच आहे, पण त्यात तांबे नसते. तळ्यातले शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात, कारण पाण्यात विरघळलेले तांबे शेवाळाला, माशांना आणि सूक्ष्मजीवांना अगदी थोड्या प्रमाणातही बाधते. ज्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि घरामागच्या सेप्टिक टाक्या चालतात, तेही त्यातून सुटत नाहीत.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून थोडा हिशेब मांडतो. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे १० बाय १५ सेंटिमीटरच्या एका बाजूवर सुमारे साडेचार ग्रॅम तांबे असते. त्यातले ६० टक्के निघून गेले असे धरले, तर एका बोर्डामागे पावणेतीन ग्रॅम तांबे द्रावणात जाते. केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण नियमांनुसार सांडपाण्यात तांब्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आणि पीएचची मर्यादा साडेपाच ते नऊ अशी आहे. हे निकष उद्योगांसाठी आखलेले असले, तरी मोजपट्टी म्हणून ते आपल्यालाही उपयोगी पडतात. अर्धा लिटर द्रावणाने दहा ग्रॅम तांबे खाल्ले असेल, तर केवळ पाणी घालून या मर्यादेत यायला हजार लिटरच्या तीन टाक्यांहून अधिक पाणी लागेल, आणि एवढे करूनही ते दहा ग्रॅम तांबे शेवटी मुठा नदीतच जाणार. ‘भरपूर पाणी मारून सोडून द्या’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. मोरीची स्टीलची जाळी महिन्याभरात चाळणीसारखी होते आणि शहाबादी फरशी चुनखडीची असल्याने द्रावण पडताच फसफसते व तिच्यावर गंजाचा कायमचा डाग राहतो, ही त्या मानाने किरकोळ शिक्षा म्हणावी लागेल.

रंगावरून कारण ओळखणे

गाळ बसल्यावर वरचे थोडे पाणी पांढऱ्या कपात घेऊन दिवसाच्या उजेडात पाहावे. बहुतेक वेळा रंग आणि पीएच या दोन गोष्टींवरूनच कारण सापडते.

पाणी फिकट हिरवे असेल, उघडे ठेवल्यावर काही तासांत गढूळ तपकिरी होत असेल आणि पीएच आपोआप उतरत असेल, तर त्यात फेरस लोह विरघळलेले आहे. रात्रीतून ‘परत आम्ल’ होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे. फेरिक लोह पीएच चारच्या आतच गंजाच्या रूपाने खाली बसते, पण फेरस लोह पीएच सातला बरेचसे पाण्यातच राहते. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू फेरिक होते, खाली बसते आणि बसताना पाण्यात नवे आम्ल सोडते. सायंकाळी मोजलेला सात हा आकडा त्या वेळेपुरता खरा असतो, परंतु रात्रभर चालणाऱ्या या क्रियेचा हिशेब त्यात नसतो. पीएच खाली आला की गाळात उतरलेल्या तांब्यापैकी थोडे पुन्हा विरघळते. यावर उपाय म्हणजे सातवर न थांबता पीएच साडेआठ ते नऊपर्यंत नेणे आणि मत्स्यालयाच्या छोट्या पंपाने बादलीत काही तास हवा सोडणे. गाळाचा हिरवट-काळा रंग जाऊन तो विटकरी झाला की फेरसचे काम संपले असे समजावे, आणि त्यानंतर पीएच पुन्हा मोजावा.

पाणी निळसर हिरवे आणि कागद सहा किंवा त्याखाली, अशी स्थिती असेल तर घातलेला क्षार, म्हणजे सोडा किंवा चुना, सरळसरळ कमी पडला आहे. किती लागतो याचा हिशेब सोपा आहे, कारण द्रावणाने कितीही तांबे खाल्ले तरी त्यातले एकूण क्लोराइड तेवढेच राहते आणि आपल्याला त्या सर्व क्लोराइडला जोडीदार पुरवायचा असतो. पिवळसर तपकिरी खड्यांपासून द्रावण केले असेल, तर दर २०० ग्रॅम खड्यांमागे सुमारे १२० ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा किंवा सुमारे ८० ग्रॅम शुद्ध विरलेला चुना लागतो. बाजारातला माल तितका शुद्ध नसल्याने खड्यांच्या निम्म्या वजनाचा चुना हाताशी ठेवावा. येथे दोन फसगती होतात. स्फटिकरूप धुण्याच्या सोड्यात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते, त्यामुळे तो १२० ग्रॅमऐवजी तीनशेहून अधिक ग्रॅम लागतो. आणि पिशवी उघडी राहिलेला जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खडू झालेला असतो; तो कितीही घातला तरी पीएच नऊला पोहोचत नाही. फेस थांबला म्हणजे पुरेसा सोडा पडला, हीही खात्रीची खूण नव्हे, कारण सोड्याच्या गुठळ्यांवर गाळाचा लेप बसून त्या आतून तशाच कोरड्या राहतात.

पीएच आठच्या वर आहे आणि तरीही पाणी नितळ निळे आहे, हे पाहून माणूस सर्वाधिक गोंधळतो. सोडा कमी नव्हे, जास्त झाल्याची ही खूण आहे. कार्बोनेट जादा झाले की त्यातला काही भाग तांब्याला धरून त्याला पाण्यातच विरघळलेले ठेवतो, आणि खाण्याचा सोडा वापरणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. अशा पाण्यात आणखी सोडा घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे. चुन्याची निवळी नव्हे, तर चांगले दाट चुन्याचे पाणी थोडे थोडे घालावे. चुन्यातले कॅल्शियम त्या कार्बोनेटला घेऊन खडूच्या रूपाने खाली बसते आणि आधार सुटलेले तांबेही त्याच्याबरोबर उतरते.

पाणी शाईसारखे गडद निळे असेल, तर त्यात अमोनिया आहे. अमोनियम परसल्फेट (एचिंगचेच दुसरे रसायन) त्याच बादलीत मिसळले गेले असेल किंवा अमोनियायुक्त काच-क्लीनरने ट्रे धुतला असेल, तर असे होते. हे तांबे चुन्याने किंवा सोड्याने नीट खाली बसत नाही, शिवाय क्षार घालताना अमोनियाचा वायू डोळ्यांना झोंबतो. ते द्रावण तसेच बाटलीत ठेवून घातक कचरा म्हणून देणे बरे.

बोर्डो मिश्रणाची युक्ती

ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यांना वरचे सारे ओळखीचे वाटले असेल. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी असे एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीनाशक फवारा, नाशिक-सांगलीकडचे बागायतदार करतात, तेव्हा तेही विरघळलेल्या तांब्याला चुन्याने न विरघळणाऱ्या रूपात आणत असतात. चुना पुरला की नाही हे पाहायला ते स्वच्छ घासलेला लोखंडी विळा किंवा चाकू मिश्रणात बुडवतात, आणि त्यावर तांबूस लेप चढला की आणखी चुना घालतात. आपल्या बादलीसाठीही चुनाच अधिक बरा, असे माझे मत झाले आहे. अर्धा लिटर द्रावण सोड्याने मारताना सत्तावीस लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि बादली उतू का जाते याचे उत्तर त्या आकड्यात आहे. चुन्याने हा फेस येत नाही आणि गाळही अधिक लवकर बसतो.

विळ्याची ही चाचणी ढोबळ आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. लेप चढला तर तांबे नक्की आहे, पण चढला नाही म्हणून ते ३ मिलिग्रॅमच्या खाली आले असे म्हणता येत नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात तांबे मोजण्याचे थेंबांचे संच मिळतात, ते वापरावेत.

चुना घालण्याआधी लोखंडाकडून तांबे काढून घेतले, तर पुढचे काम फार हलके होते. मी ते असे करतो. वापरलेल्या अर्धा लिटर द्रावणात तीन लिटर पाणी घालून ते वीस लिटरच्या प्लास्टिकच्या बादलीत घेतो. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे आणि अंगात टाकून द्यायचा सदरा असतो, आणि बादली गॅलरीत, पोहोचेल असा नळ जवळ असलेल्या जागी ठेवतो. त्यात बांधकामावरची काळी बाइंडिंग तार पन्नास-साठ ग्रॅम सैल गुंडाळून सोडतो. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे घेऊ नयेत, कारण तांब्याच्या जागी जस्त पाण्यात येते. भांड्याची स्टीलची घासणीही उपयोगाची नाही, कारण ती स्टेनलेस असते. लोखंड प्रथम उरलेले फेरिक संपवते आणि मग तांबे बाहेर ढकलू लागते; अर्ध्या लिटरमागे २०० ग्रॅम खडे असतील, तर या साऱ्यात जास्तीत जास्त वीस-एकवीस ग्रॅम लोखंड खर्ची पडते. आम्लामुळे थोडा हायड्रोजनही निघतो, म्हणून बादलीला घट्ट झाकण लावू नये आणि जवळ निरांजन, उदबत्ती किंवा सिगारेट असू नये. दोन-तीन दिवसांत काळपट द्रावण फिकट हिरवे होते आणि तळाशी विटकरी रंगाची तांब्याची पूड साचते. नवा घासलेला खिळा पाच मिनिटे बुडवून लाल होत नसेल, तर पाणी हलकेच दुसऱ्या बादलीत निवळून घ्यावे. हे काम झटपट उरकावे म्हणून कोणी ॲल्युमिनियमचा कागद टाकतात. तसे करू नये. तापमान झपाट्याने चढते, द्रावण उसळते आणि हायड्रोजनही पुष्कळ निघतो.

दुसऱ्या बादलीत आता बहुतांश फेरस क्लोराइड आहे. विरलेल्या चुन्याची पूड पाण्यात कालवून ती लाकडी काठीने ढवळत, वाटी-वाटीने घालावी. कळीचा चुना थेट टाकू नये, कारण तो उकळून डोळ्यांत उडतो. पीएच कागद गाळात बुडवला की तपकिरी रंग चढून वाचता येत नाही, म्हणून थोडे पाणी कॉफीच्या गाळणकागदातून गाळून मगच मोजावे. नऊ आला की हवा सोडावी, रात्रभर ठेवावे, सकाळी पुन्हा मोजावे आणि उतरला असेल तर थोडा चुना वाढवावा. गाळ दोन दिवसांनीही बसत नसेल, तर बहुधा द्रावण पुरेसे पातळ केलेले नसते; दुप्पट पाणी घालून ढवळले की बहुतेक वेळा तो बसतो.

गाळ आणि पाणी कोठे जाते

गाळ जुन्या सुती कापडातून गाळून उन्हात वाळवला की मूठभर विटकरी ढेकूळ उरते. त्याला मी थोडे सिमेंट आणि पाणी घालून दह्याच्या जुन्या डब्यात गोळा करून टाकतो, म्हणजे ती पूड उडत नाही आणि सिमेंटच्या क्षारतेमुळे तांबे पुन्हा सुटत नाही. तरीही तो गोळा बागेत पुरायचा नसतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती घातक कचरा असा वेगळा वर्ग केला आणि तो जमा करून घेणारी केंद्रे उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. आपल्या प्रभागात ते केंद्र कोठे आहे, हे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारावे. तोवर डबा नाव लिहून ठेवून द्यावा. तो नासत नाही. घंटागाडीत इतर कचऱ्यात तो दडवून टाकू नये, कारण पुढे तो कोणीतरी हाताने निवडणार असतो. महाविद्यालयाची प्रयोगशाळा किंवा छोटा कारखाना असेल, तर ही घरगुती सवलत लागू होत नाही. तेथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने चालणाऱ्या तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या सामायिक घातक कचरा केंद्राकडे माल पाठवावा लागतो, आणि साठवलेल्या बाटल्या तशाच तेथे जाणे घरगुती प्रक्रियेपेक्षा केव्हाही चांगले.

नितळ पाण्याविषयी मी अधिक सावध झालो आहे. चाचणीत तांबे दिसत नसेल आणि पीएच नऊच्या आत असेल, तरच ते सांडपाण्याच्या वाहिनीला जोडलेल्या शौचालयात थोडे थोडे सोडता येते. पावसाळी गटारात नाही, कारण ते प्रक्रियेविना थेट नदीला मिळते. सेप्टिक टाकीत नाही. विहिरीच्या आसपास तर मुळीच नाही. झाडांनाही घालू नये, कारण तांबे नसले तरी त्यात मीठ भरपूर असते. उन्हाळ्यात गच्चीवर परातीत आटवण्याचा प्रयोग मी केला होता. सोड्याने मारलेले पाणी मे महिन्यात वाळून मिठाचे दाणे राहिले, पण चुन्याच्या पाण्यातले कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढत राहिल्याने काकवीसारखे चिकटच राहिले, आणि जूनच्या पहिल्या सरीआधी ते उचलताना तारांबळ उडाली.

एचिंगच्या इतर द्रावणांबद्दल थोडक्यात सांगतो. सोडियम परसल्फेटचे द्रावण साठवणीतही हळूहळू प्राणवायू सोडत राहते, त्यामुळे त्याच्या बाटलीचे झाकण घट्ट लावले तर ती फुगून फुटू शकते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणालाही हेच लागू आहे, आणि पेरॉक्साइड अंदाजापेक्षा जास्त पडले तर क्लोरीन निघतो. यांपैकी कोणत्याही आम्लयुक्त द्रावणावर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच टाकू नये. मोरी ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात बंद न्हाणीघरात क्लोरीन तयार करून बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

मुळात टाकायची वेळच कमी यावी, यासाठी रेखांकनातच सोय करता येते. सर्किटमधली रिकामी जागा तांब्याने भरून ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूला) जोडली, तर तांबे बोर्डावरच राहते, द्रावण कमी खर्च होते आणि सर्किटमधला विद्युत गोंगाटही सहसा कमी होतो. ट्रेमध्ये बोर्ड बुडवून ठेवण्याऐवजी स्पंजावर थोडे द्रावण घेऊन घासले, तर छोट्या बोर्डाला काही चमचे पुरतात. मंद झालेले द्रावण कोमट पाण्याच्या परातीत ट्रे ठेवून ऊबदार केले, तर आणखी तीन-चार बोर्ड सहज निघतात. ते एका वापरानंतर ओतून देणारे पाहिले की मला खरोखर वाईट वाटते.

साठवणीची बाटली शीतपेयाची नसावी. हे द्रावण दिसायला कोल्ड्रिंकसारखे किंवा कोऱ्या चहासारखे असते आणि घरात मुले असतात. जाड प्लास्टिकची, रुंद तोंडाची बरणी घेऊन तिच्यावर कायम शाईने नाव, विषारी असल्याची सूचना आणि तारीख लिहावी, आणि पहिल्याच दिवशी किती ग्रॅम खडे विरघळवले तो आकडाही लिहावा. वर्षभराने चुना तोलायला बसाल तेव्हा तोच आकडा लागणार आहे.